पुलावरून न दिसलेली मगर

बडोद्यात दांडिया बाजारातून कमाटी बागेकडे जाताना काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळ विश्वामित्री नदीवरचा पूल लागतो. थंडीत उन्हं वर आली की नदीतल्या मगरी काठावर येऊन पडतात आणि पुलावर स्कूटर बाजूला लावून माणसं कठड्याशी गोळा होतात. आम्हां बडोदेकरांना मगरीचं नवल उरलेलं नाही, तरी थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतला रविवार होता. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा, बाबाच्या खांद्यावर बसलेला. त्यालाच आधी दिसली. "मगल! मगल!" म्हणून तो एवढ्यानं ओरडला की शेजारी उभे असलेले काका हसायला लागले. थोरली कठड्याला पोट टेकून उभी होती. आठ वर्षांची, तिसरीतली.

"दिसली का गं?"

"हो, दिसली."

"तोंड कुठल्या बाजूला आहे सांग बघू," यांनी सहज विचारलं.

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "पाण्याकडे."

मगरीचं तोंड आमच्याकडे होतं. मी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे बारीक करून ती बघत होती ते भलतीकडेच, पाण्यात अडकलेल्या एका ओंडक्याकडे. परतताना स्कूटरवर तिनं मागून विचारलं, "आई, तुला मगरीचे पाय पण दिसले? खरंच?"

त्या 'खरंच'नं माझ्या पोटात खड्डा पडला. लांबचं जग असंच धुरकट असतं, आणि मोठी माणसं ते अंदाजानं ओळखतात, अशी तिची समजूत होती. आपल्याला कमी दिसतंय हे मुलाला कळणार कसं? त्यानं दुसऱ्याच्या डोळ्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. मग मागच्या कितीतरी गोष्टींचा अर्थ लागत गेला. फळ्यावरचं सोडून शेजारणीच्या वहीतून उतरवून घेणं, टीव्हीच्या पुढ्यात उभं राहणं, समोरून येणाऱ्या मावशीला ओळख न देणं. त्यावरून मी तिला रागावलेही होते, 'मोठ्या माणसांना हाक मारायची रीत नाही का,' म्हणून.

त्याच संध्याकाळी तिला घेऊन चष्म्याच्या दुकानात गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला हवं होतं, पण 'नंबर तर काढायचा आहे' एवढंच डोक्यात होतं. मशीनसमोर हनुवटी टेकवली, दोन मिनिटांत कागद बाहेर आला. मायनस सव्वादोन. दुकानदार भला माणूस होता. "बेन, छोकरी नानी छे," म्हणाला, "पूरो नंबर आपीशुं तो आंख आळसु थई जशे." म्हणजे मुलगी लहान आहे, पुरा नंबर दिला तर डोळा आळशी होईल. आमच्याही घरात हेच मत पडलं. डोळ्याला आयतं दिलं की नंबर वाढतो, कमी ठेवला की डोळा मेहनत करतो. मलाही ते पटलं. लेकीला मायनस सव्वाचा चष्मा मिळाला, तोही शाळेत फळ्यापुरता.

हे चुकलं होतं. मलेशियात ९४ मुलांवर केलेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना पुरा नंबर दिला होता आणि निम्म्यांना पाऊण नंबर कमी. दोन वर्षांनी कमी नंबरवाल्या मुलांचा नंबर जास्त वाढलेला निघाला. डोळ्याला आळशी करण्याची भीती घालणारे सगळे प्रेमानंच सांगत होते, मीही प्रेमानंच ऐकलं. पण ते अकरा महिने लेकीनं अर्धवट धूसर जगात काढले, याची बोच मला आजही आहे.

पुढच्या डिसेंबरात अखेर डॉक्टरांकडे गेलो. मॅडमनी आधी डोळ्यांत थेंब टाकले, तीनदा, दहा-दहा मिनिटांनी. झोंबतात ते, लेक माझा हात घट्ट धरून बसली होती. मुलांच्या डोळ्यांतला जवळचं पाहण्याचा स्नायू फार जोरकस असतो. मशीनसमोर तो आवळलेला राहिला तर नंबर आहे त्यापेक्षा जास्त येतो. थेंबांनी तो सैल पडला की खरा आकडा कळतो. म्हणूनच मुलांचा पहिला नंबर थेंब टाकल्याशिवाय काढू नये. खरा आकडा निघाला मायनस पावणेतीन.

मग त्यांनी आणखी एका यंत्रासमोर बसवलं आणि एक छोटा कागद माझ्या हातात दिला. उजवा डोळा २४.५२, डावा २४.४८. मी विचारलं, हा कसला नंबर? "ही डोळ्याची लांबी. मिलिमीटरमध्ये," त्या म्हणाल्या. "काचेचा नंबर विसरा थोडा वेळ. आपल्याला हा आकडा सांभाळायचा आहे."

तोवर चष्म्याचा नंबर म्हणजे डोळ्याचा अशक्तपणा अशीच माझी कल्पना होती. प्रत्यक्षात डोळा लांबतो. जन्मलेल्या बाळाचा डोळा साधारण १७ मिलिमीटरचा असतो, मोठ्या माणसाचा २३ ते २४ चा. वाढ ठरल्या मापावर थांबली तर लांबून आलेला प्रकाश नेमका मागच्या पडद्यावर एकत्र येतो. डोळा त्याहून लांबला तर प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि पडद्यावर पोहोचेपर्यंत पसरते. केप्लरनं १६०४ साली हे मांडलं होतं, आणि त्याला स्वतःलाही लांबचं नीट दिसत नसे. मायनसची काच प्रतिमा मागे ढकलून पडद्यावर आणते. त्यानं दिसायला लागतं, पण साध्या काचेनं डोळ्याचं लांबणं थांबत नाही. एक मिलिमीटर जास्तीची लांबी म्हणजे साधारण अडीच नंबर. आणि लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही.

शेवटचं वाक्य ऐकताना मला मामा आठवला. त्याचा चष्मा मायनस नऊचा होता. सेहेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी त्याला डाव्या डोळ्यासमोर ठिणग्या दिसल्या आणि मग कोपऱ्यातून काळा पडदा उतरत आला. डोळ्याच्या आतला पडदा सरकला होता. ऑपरेशन झालं, थोडी नजर वाचली. डोळा लांबतो तेव्हा आतला पडदा ताणला जातो, पातळ होतो. नंबर सहाच्या पुढे गेला की पडदा सुटणं, मध्यभागी झीज होणं, काचबिंदू, लवकर मोतीबिंदू, या सगळ्यांचा धोका वाढतो. चष्मा लावून सहा बाय सहा दिसत असलं तरी वाढतो. आपल्याकडे 'चष्मा तर सगळ्यांनाच असतो आता' असं म्हणून हा विषय मिटवतात, तेव्हा मला मामाची ती सकाळ सांगावीशी वाटते.

मॅडमनी शेवटी विचारलं, "दिवसातून किती वेळ उघड्यावर असते?"

मी मनातल्या मनात मोजलं. सकाळी रिक्षा, मग वर्ग. पीटीचा तास बहुतेक वेळा गणिताला जातो. दुपारी घरी, जेवण, पडदे ओढलेले, पंखा. चार ते सहा ट्यूशन. बाहेर येईतो दिवे लागण्याची वेळ. सगळं मिळून वीस मिनिटं भरत नव्हती. त्यात तिची बालवाडी फोनवरच झालेली. (चीनच्या शाळांत २०२० मध्ये, मुलं घरात कोंडली गेल्यावर तपासणी झाली, तेव्हा सहा वर्षांच्या मुलांत लांबचं कमी दिसणाऱ्यांचं प्रमाण २१.५ टक्के निघालं. आधीच्या पाच वर्षांत ते ५.७ च्या वर कधी गेलं नव्हतं.)

मी तेव्हा सगळा दोष पुस्तकांवर ठेवला होता, हे इथे सांगायलाच हवं. आमच्या घरात वाचन हा वारसा आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९१० साली मांडवीजवळ मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं. माझे आजोबा त्याच ग्रंथालयात वाढले म्हणा ना. लेकीला हे वेड त्यांच्याकडून आलं आहे. चष्मा लागला तेव्हा मी तिची गोष्टींची पुस्तकं कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. 'आता डोळे बरे होईपर्यंत नाही.' ती रडली नाही, भांडली नाही. माजघरात बसून मणी ओवायला लागली, चित्रं काढायला लागली, वहीत नाक खुपसून. पुस्तक गेलं, डोळ्यांसमोरचं अंतर तेवढंच राहिलं. आणि ती घरातच राहिली.

त्यानंतर मी जे वाचलं त्यातल्या एका तुलनेनं मला हलवलं. सिडनी आणि सिंगापूर, दोन्हीकडची चिनी वंशाची सहा-सात वर्षांची मुलं. एकाच वंशाची, आईबापांना चष्मा असण्याचं प्रमाणही सारखंच. सिंगापुरात २९.१ टक्के मुलांना मायनस नंबर, सिडनीत ३.३ टक्के. आणि पुस्तकं आठवड्याला जास्त वाचत होती सिडनीची मुलं! फरक होता बाहेर असण्याच्या वेळात: सिडनीत आठवड्याला पावणेचौदा तास, सिंगापुरात तीन. त्या रात्री मी स्टुलावर चढून फळीवरची पुस्तकं खाली काढली. दोष पुस्तकांपेक्षा डोक्यावरच्या छपराचा जास्त होता.

पुस्तक अगदीच निर्दोष नाही. नाकाला चिकटवून, पडून, तासन्‌तास वाचणं वाईटच. कोपरापासून मुठीपर्यंतचं अंतर हवं, मधूनमधून मान वर हवी, फोन तर हातभर दूर आणि थोडाच वेळ हवा. पण ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी उजेडाची.

घरात ट्यूबलाइट लावली तरी प्रकाश पाचशे लक्सच्या आतच राहतो. बाहेर तो दहा हजारांच्या वर जातो, भर उन्हात लाखाच्या घरात. झाडाच्या सावलीतसुद्धा काही हजार असतो. आपली बाहुली आकुंचन पावते म्हणून आपल्याला हा फरक एवढा जाणवत नाही, पडद्याला मात्र जाणवतो. भरपूर उजेडात पडद्यात डोपामिन नावाचं द्रव्य स्रवतं आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसतं. चीनमधल्या ग्वांगचौ शहरात पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज चाळीस मिनिटांचा एक जादा तास मैदानावर दिला. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना नंबर लागलेला होता, नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. ना औषध, ना यंत्र. तैवाननं २०१० पासून शाळाशाळांत रोज १२० मिनिटं बाहेर काढण्याचा कार्यक्रमच घेतला. आमच्या लेकीच्या शाळेत मी पालकसभेत उभी राहून पीटीचा तास मागितला. "परीक्षा झाल्यावर बघू," असं उत्तर मिळालं. मी पुढच्या सभेतही मागितला, आणि यंदाही मागणार आहे. भारतातल्या शहरांत पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत १९९९ साली ४.४४ टक्क्यांना मायनस नंबर होता, २०१९ मध्ये २१.१५ टक्क्यांना. माणसाचं रक्त वीस वर्षांत बदलत नाही. दिनक्रम बदलतो.

पण मॅडमनी एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली. उन्हाचा खरा गुण नंबर लागण्याआधी. एकदा लागला की वाढ रोखायला नुसतं ऊन पुरत नाही. म्हणजे थोरलीच्या बाबतीत आम्हाला उशीर झाला होता. हे ऐकून रिक्षात बसल्यावर मी बराच वेळ बोलले नाही.

आमच्या घरात 'ऊन लागेल' हे मायेचं वाक्य आहे. माझ्या आईचं, सासूबाईंचं, माझंही. बडोद्याचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला त्यात चूक दिसणार नाही. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत पोरांना बाहेर कोण सोडेल? पण ते वाक्य आम्ही नोव्हेंबरातही म्हणत होतो, जानेवारीतही. सासूबाई रोज गाजर किसून देत. गाजर चांगलंच, 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, पण लांबलेल्या डोळ्यावर त्याचा उपाय नाही. त्यांना हे सांगताना माझा जीव कासावीस झाला. त्या थोडं थांबून म्हणाल्या, "मग मी काय करू ते सांग." मी म्हटलं, "आई, तुम्ही तिला बागेत न्या."

आता त्या नेतात. ट्यूशन उन्हं उतरल्यावरच्या वेळेत बदलून घेतली. बाईंनी कुरकुर केली, मग मानल्या. मेमध्ये सकाळी साडेसहा ते आठ, इतर दिवसांत चार ते साडेपाच, कमाटी बागेत नाहीतर आमच्याच चौकात. टोपी घालायची, पाण्याची बाटली न्यायची, वाटलं तर वडाच्या सावलीत बसायचं. सावलीही चालते, हे कळल्यावर सासूबाईंची अर्धी काळजी मिटली. पावसाळ्यात पंचाईत होते, मग ओसरीत खेळतात, उघडीप पडली की धावतात. आणि उत्तरायण तर आहेच. चौदा आणि पंधरा जानेवारीला आख्खं बडोदं गच्चीवर असतं, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, माना वर, नजर आकाशाच्या पार टोकाला लागलेल्या पतंगावर. जेवणही वरच, उंधियू आणि जिलबी. बारमाही यातलं पाव जरी मुलांच्या वाट्याला आलं, तरी कितीतरी डोळे वाचतील असं मला मनापासून वाटतं.

थोरलीला उन्हाच्या जोडीला औषधोपचारही लागले. आधी वेगळ्या काचा दिल्या. मधोमध नेहमीचा नंबर आणि भोवती मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक बारीक भिंगं. कडेनं येणारा प्रकाश पडद्याच्या मागे न पडता पुढे पडावा, म्हणजे डोळ्याला 'अजून लांब हो' असा इशारा मिळत नाही, अशी त्यामागची कल्पना. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाच्या चाचणीत दोन वर्षांत नंबराची वाढ सरासरी निम्म्यानं कमी झाली. महाग आहेत, साध्या चष्म्याच्या कितीतरी पट. त्या वर्षी आम्ही गावाला गेलो नाही. रात्री घालून झोपायच्या कडक लेन्सही असतात, पण हात नीट न धुता लेन्स घातली तर बुबुळाला जंतुसंसर्ग होऊ शकतो. नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती ते द्यायला माझं मन धजलं नाही. दुसऱ्या वर्षी थेंब सुरू झाले, ॲट्रोपिनचे, अगदी सौम्य. आपल्या शंकराला वाहतो त्या धोतऱ्यात जे विष असतं, त्यातलंच हे एक द्रव्य. धोतरा खाल्लेल्या माणसाच्या बाहुल्या मोठ्या होतात त्या यामुळेच. औषधात ते टक्क्याच्या शंभराव्या भागापासून विसाव्या भागापर्यंत एवढंच असतं. सिंगापूर आणि हाँगकाँगच्या डॉक्टरांनी हे मापून पाहिलं. तीव्र थेंबांनी वाढ जास्त रोखली जाते, पण बंद केल्यावर ती उसळून येते. म्हणून हे औषध डॉक्टरच ठरवणार, डॉक्टरच उतरवणार. मैत्रिणीच्या मुलीचे थेंब आपल्या मुलीला घालायचे नाहीत.

रात्री झोपायच्या आधी मी ते घालते. ती पलंगाच्या कडेवर मान टाकते, मी खालची पापणी ओढते, थेंब पडतो आणि मी नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून साठपर्यंत मोजते. कधी ती मोजते. चाळिसाच्या आसपास तिचा आवाज जड होतो.

दोन वर्षांत तिचा नंबर पाऊण वाढला, साडेतीनवर आला. उजवा डोळा २४.८६. तिच्या वयाच्या चष्मा नसलेल्या मुलाचा डोळाही वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर वाढतोच, तिचा ०.१७ नं वाढतो आहे. मॅडम समाधानी आहेत. मी कागद घडी करून देवघराखालच्या खणात ठेवते, आधीच्या कागदांवर.

यंदा धाकट्यालाही नेलं. सहा वर्षांचा झाला, पहिलीत गेला, सगळं लखलखीत दिसतं. तरी नेलं. थेंब टाकून तपासल्यावर त्याचा नंबर आला अधिक पाव. या वयात डोळा अजून आखूड हवा, नंबर अधिक पाऊणच्या वर हवा. त्याच्या खाली असेल तर पुढे मायनसकडे जाण्याचा संभव जास्त. म्हणजे त्याची शिल्लक संपत आली आहे, पण संपलेली नाही. त्याच्या बाबतीत आम्ही वेळेवर आहोत. रोज दोन तास बाहेर, सहा महिन्यांनी मोजमाप. त्याला यातलं काही सांगितलेलं नाही. ताईनं मात्र दवाखान्यात सगळं ऐकलं होतं.

गेल्या रविवारी पुलावर थांबलो. मगर होती, दोन होत्या. थोरलीनं त्याला कठड्याशी उभं केलं आणि विचारलं, "तोंड कुठे आहे रे?"

"मोठीचं आपल्याकडे. छोटीचं गवतात आहे. आणि ताई, तिच्या पाठीवर बगळा बसलाय."

तिनं चष्मा काढून ओढणीनं पुसला, पुन्हा घातला आणि नीट पाहिलं. "हो," ती म्हणाली, "बसलाय."